उजव्या टाकीची हवा

चंदनापुरीचा घाट चढताना संगमनेर मागे पडलं, तेव्हा मांडीवरच्या पिशवीत हात घालून वही आहे ना, ते मी पुन्हा एकदा पाहिलं. वही विनूची. माझा हा धाकटा भाऊ हिवाळ्यात हृदयविकाराने गेला. आयटीआयमध्ये शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी सुप्याला जाऊन किसनराव फिटरांबरोबर दोन माणसांचं हलकं विमान बांधायचा. त्या विमानाची ही वही. किसनरावांनी ती फोन करून दोनदा मागितली होती. दोन्ही वेळा मी "देते, जरा थांबा" म्हणाले. वही माझ्या कपाटात साड्यांच्या खाली होती आणि तिची शेवटची पानं मी उघडली नव्हती.

परवा तिसरा फोन आला. "ताई, उजवी टाकी पेट्रोल देईना. इंजिन अडखळतंय. सोमवारी तपासनीस येनार. विनूची नळी कापून दुसरी टाकावी लागंल, म्हनून तुमाला इचारतो."

"मी येईपर्यंत कापू नका," मी म्हणाले.

त्या नळ्या विनूने एका दिवाळीच्या सुट्टीत माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच लाटण्याभोवती वाकवल्या होत्या. चूक तिथेच झाली असेल का, हे मला जाणून घ्यायचं होतं आणि नव्हतंही.

आळेफाट्याला बस बदलली. प्रवरेकाठचा ऊस केव्हाच संपला होता. टाकळी ढोकेश्वरच्या पुढे नुसते माळ, मध्येच एखादं डाळिंबाचं शेत. पारनेरला वडापची (माणसं भरून नेणारी जीप) वाट पाहण्यात तासभर गेला.

"कुठं उतरनार, मावशी?" ड्रायव्हरने विचारलं.

"सुप्याच्या अलीकडे. विमानाच्या शेडपाशी."

"किसन फिटरचं इमान? उडतंय व्हय ते? आमी तर नुसतं कोंबडीवानी पळताना बघितलंय!"

सगळी जीप हसली. मीही हसले. किती दिवसांनी, ते आठवेना.

टेकडीवरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या, तशी जीप थांबली. शेडसमोर विमान उभं होतं. पांढरं, खिडकीखाली विनूच्या आवडीचा निळा पट्टा. मी त्याला हात लावला नाही. किसनरावांच्या पत्नी सुलाबाईंनी मला आधी घरात नेलं. झोळीत त्यांची तीन आठवड्यांची नात झोपली होती. "इनूभाऊंनी बघायला पायजे हुती," एवढंच त्या म्हणाल्या आणि ताटात शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची कडबोळी, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली) वाढली. नको म्हणण्यात अर्थ नव्हता.

"मोबाईल घरातच ठेवा, ताई," किसनराव म्हणाले. "पेट्रोलचं काम हाय."

दोन्ही पंखांत एकेक टाकी आहे. पेट्रोल आपल्याच वजनाने खाली इंजिनाकडे येतं. किसनरावांनी इंजिनाजवळच्या नळ्या सोडवल्या आणि खाली दोन सारखे डबे ठेवले. डावीकडून एकसारखी धार पडू लागली. उजवी आधी बरी वाहिली, मग बारीक झाली, मग थेंब थेंब.

"बघा. वाकवताना दबली आसंल नळी."

किसनराव शिडीवर चढले आणि त्यांनी उजव्या टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. खाली धार एकदम मोठी झाली, डावीइतकीच.

किसनराव शिडीवरच थांबले. "म्हंजी नळी चांगली हाय. टाकीला वरून हवा मिळंना. पन हवानळी तर मी सोता साफ केलीय, बारशाच्या दुसऱ्या दिवशी."

"बारशाच्या?"

त्यांनी शेडच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या पत्नीकडे पाहिलं. सुलाबाई म्हणाल्या, "पंखाखाली त्या नळीच्या तोंडाशी कुंभारनीनं घर केलं हुतं. घरात पोर पोटुशी आसताना कुंभारनीचं घर मोडत्यात व्हय? मीच म्हनलं, हात लावू नगा."

कुंभारीण म्हणजे चिखलाचं घर बांधणारी माशी. ती घरात आली की पाळणा हलतो, असं आमच्याकडे म्हणतात. विनू असल्या गोष्टींना हसायचा.

आता वही उघडायलाच हवी होती. पंखाच्या सावलीत बसून मी शेवटचं पान काढलं. विनूची सवय अशी की आधी काम लिहायचं आणि झालं की समोर बरोबरची खूण करायची. पानभर खुणा होत्या. फक्त शेवटच्या नोंदीसमोर नव्हती. ती नोंद मी मोठ्याने वाचली.

"उजवी हवानळी. कुंभारणीने तोंडावर घर केलं आहे. बाळ होईपर्यंत मोडणार नाही, असा वहिनींना शब्द दिला. तोवर इंजिन सुरू करायचं नाही. माती नळीच्या आतही गेली आहे. वरून खरवडून भागणार नाही, तार घालावी लागेल. किसनला सांगणे."

किसनरावांनी तार आणली. नळीतून सुक्या मातीचं बोटभर बूच पडलं, त्यात माशीने पिल्लांसाठी कोंडलेले दोन वाळलेले कोळी. झाकण बंद करून पुन्हा पाहिलं, तर दोन्ही धारा शेवटपर्यंत सारख्या.

"वही मी वेळेवर दिली असती तर—"

"तर काय, मी वाचली आसती व्हय?" ते म्हणाले. "तुमच्या भावाचं नट आवळन्यापरीस ल्ह्यायचंच काम लई. मी म्हनायचो, गुर्जी, आधी पाना उचला." मग पाठ वळवून इंजिनाजवळच्या नळ्या परत जोडू लागले.

थोड्या वेळाने त्यांनी पेन्सिल मागितली. हात पेट्रोलने ओले होते. वहीला डाग पडेल म्हणून मी क्षणभर ती धरून ठेवली, मग दिली. त्या नोंदीसमोर त्यांनी खूण केली आणि खाली वाकड्या अक्षरात लिहिलं, "तार घातली. दोनी बाजू सारख्या." पानावर त्यांच्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला. मी त्यावरून हात फिरवला.

वही मी त्यांच्यापाशीच ठेवली; परतीच्या बसमध्ये पिशवी हलकी होती. चार महिने मी ती वही जपत होते आणि तिथे एक माणूस तिच्यावाचून अडला होता. जपणं म्हणजे झाकण घट्ट लावून ठेवणं, असंच मी धरून चालले होते. घाट उतरताना गार वारा आला. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, "पेट्रोलचा वास कुठून येतोय हो?"

"माझ्या हाताला आहे," मी म्हणाले, आणि खिडकी आणखी थोडी उघडली.