चपलांपाशी

सँडलचा एक बंद लावायला माणसाला किती वेळ लागावा? काल आमचे धाकटे भावजी दारात वाकून तो पुन्हा पुन्हा सोडत होते आणि लावत होते.

त्याआधी तासभर हॉलमध्ये बसून त्यांनी माझ्या लेकीची थट्टा चालवली होती. ईशा बी.ए.ला आहे, मानसशास्त्र घेऊन.

"काय डॉक्टरीणबाई, सांगा बघू, माझ्या मनात काय चाललंय?"

"आणखी एक वाटी चिवडा हवाय, काका."

सगळे हसले. "वहिनी, वेड्यांचा अभ्यास करून हीच वेडी होईल हो!" पुन्हा सगळे हसले.

आणि आता दारात, मान खाली घालून, हळूच म्हणाले, "ईशा, तुझी काकू हल्ली बोलतच नाही गं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते."

"काका, मी अजून शिकतेय. तिला डॉक्टरांकडे न्या."

"छे, लोक काय म्हणतील?"

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे गुडघे, पित्त, अगदी मूळव्याधीचीसुद्धा पोहे खाता खाता मोठ्याने चर्चा होते. मनाचं दुखणं तेवढं चपलांपाशी, कुजबुजत. तिकडे बायको अंथरुणाला खिळलीय आणि हे लोकांना भितात! कोणते लोक? मघाशी आत हसले तेच ना? त्यांत सगळ्यांत मोठा आवाज तर यांचाच होता.

"भावजी, उद्या दहाला मी रिक्षा घेऊन येते. सुमनला दवाखान्यात न्यायचंय, तिला तयार राहायला सांगा."

आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल, अशा आवाजात मी हे मुद्दाम म्हटलं.