चेन छातीवर की पाठीवर

सर्फिंग मी पन्नाशी ओलांडल्यावर सुरू केलं, आणि तेही मुलीच्या हट्टापायी. ती सिअ‍ॅटलला नोकरी करते. उन्हाळ्यात घरी येणार होती तेव्हा तिने आम्हा दोघींसाठी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सर्फिंगचा क्लास बुक केला. मग तिच्या ऑफिसात काहीतरी निघालं आणि तिने येणं कॅन्सल केलं. क्लास कॅन्सल करायची मुदत मात्र उलटून गेली होती. "आई, यू शुड स्टिल गो," ती फोनवर म्हणाली. मी शनिवारी सकाळी वेस्ट विंडसरच्या आमच्या घरून तासभर गाडी चालवत एकटी गेले.

मी मूळची नागपूरची. समुद्र आमच्याकडे सहलीत बघायची गोष्ट. पण शाळेत असताना पोहायला मात्र चांगलं शिकले होते, आणि ते अंगात राहिलं होतं. त्या दिवशी पाच-सहा तरुण मुलांमध्ये मी एकटीच केस पिकलेली. फोमच्या मोठ्या बोर्डवर पालथं झोपायचं, हातांनी पाणी मारत निघायचं आणि लाट मागून आली की उठायचं. मला उठता आलंच नाही. गुडघ्यांवरच किनाऱ्यापर्यंत आले आणि वाळूत बसून जोरजोरात हसले. इतकं हसल्याला किती दिवस झाले होते, ते घरी परतताना गाडीत लक्षात आलं.

नवरा तेव्हा पुण्यात होता, अजूनही आहे. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून तो महिन्याभरासाठी गेला. मग सासऱ्यांची तब्येत बिघडली. त्याच्या कंपनीने तिकडून काम करायला परवानगी दिली, आणि तो तिकडेच राहिला. आमच्यात भांडण वगैरे काही नाही. मला इथली लॅब सोडवत नाही, त्याला आईवडिलांना सोडवत नाही. रोज व्हिडिओ कॉल होतो. तो रात्रीच्या जेवणाला बसलेला असतो, मी सकाळचा चहा घेत असते, आणि आम्ही एकमेकांना घरातल्या नळांची, औषधांची आणि बिलांची माहिती देतो. लोक विचारतात, "मग काय, कधी येणारेत?" मी म्हणते, "बघू, यंदा." दोन-तीन वर्षं हेच उत्तर दिल्यावर लोकांनी विचारणं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं.

तर त्या उन्हाळाभर मी दर शनिवारी समुद्रावर गेले. सप्टेंबरात किनारा रिकामा झाला. छत्र्या गेल्या, लाइफगार्डच्या उंच खुर्च्या गेल्या, क्लास बंद झाले. पाणी मात्र अजून कोमट होतं, आणि मला नुकतंच बोर्डवर उभं राहता यायला लागलं होतं. आता थांबले तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गुडघ्यांवर येईन, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर शनिवारी घरी बसून काय करायचं, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

थंडीत पाण्यात उतरायचं म्हणजे अंगाला चिकटून बसणारा रबरी वेटसूट हवा. मी रात्री जेवून लॅपटॉपवर मापांचा तक्ता बघून एक मागवला. माझी उंची पाच फुटाला थोडी जास्त आणि कंबरेखाली मी रुंद. त्या तक्त्यात माझ्यासारखी बाई कुठे बसतच नव्हती. नोव्हेंबरात तो सूट घालून पाण्यात गेले. पहिली लाट डोक्यावरून गेली आणि बर्फासारखं पाणी मानेतून शिरून पाठीच्या खळग्यात जाऊन साठलं. हातपाय हलवले की ते आतल्या आत डचमळायचं. ओठ निळे पडायच्या आत मी बाहेर आले.

मग गावातल्या सर्फिंगच्या दुकानात गेले. उन्हाळा संपला की निम्मी दुकानं बंद होतात, हे चालू होतं. काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई होती, उन्हाने रापलेली, चष्मा केसांत खोचलेला. मी तिला पाठीतल्या पाण्याचं सांगितलं.

"सूट तुला मोठा होता," ती म्हणाली. "थोडं पाणी आत येणारच. ते अंगाला चिकटून राहिलं तर अंगाच्या उबेने गरम होतं. सुटात मोकळी जागा राहिली की आतलं पाणी सारखं बदलत राहतं, आणि तू सारखी नव्याने गारठतेस."

तिने मला तीन सूट काढून दिले. हिवाळ्यासाठी सगळ्यात जाड रबराचे, डोक्याच्या टोपीसकट. ट्रायल रूममध्ये मी पहिला घालायला घेतला आणि घाम फुटला. पाय घोट्याशीच अडकला. पडद्याखालून तिने प्लॅस्टिकची पिशवी आत सरकवली. "पावलावर चढव, मग घाल." पाय सुळकन गेला. पहिला सूट काखेत फुगत होता. दुसरा मांड्यांवर चढेचना. तिसरा आखूड मापाचा होता. तो चढला, कंबरेला लागला, पाठीच्या खळग्यालाही लागला.

मी बाहेर आले. तिने माझ्या पाठीवर, काखेत, गुडघ्यांमागे चिमटीने रबर ओढून बघितलं.

"श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"खाली बस. हात वर कर. आता बोर्डवर असल्यासारखी हात मार."

मी दुकानाच्या मधोमध हवेत पोहले. सूट सगळीकडून घट्ट दाबत होता. इतकं घट्ट मला किती तरी दिवसांत कोणी धरलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी उगाचच आरशाकडे वळले.

"आता एकच ठरवायचं," ती म्हणाली. "चेन. हा छातीवर चेन असलेला आहे. यात पाणी कमी शिरतं, उबदार राहतो. पण काढताना डोक्यावरून आणि खांद्यांवरून सोलावा लागतो. पाठीवर चेन असली की थोडं पाणी शिरतं, पण लांब दोरी असते, ओढली की सूट उघडला. तुझे खांदे कसे आहेत?"

"डावा थोडा आखडलेला आहे."

"मग काढायला मदतीला कोणी असतं का बरोबर?"

प्रश्न साधा होता. "नाही" म्हटलं असतं तर तिला काही वाटलं नसतं. पण मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो, हो. नवरा असतो ना."

"मग हाच घे," ती म्हणाली.

मी छातीवरच्या चेनचा सूट, रबरी बूट आणि हातमोजे घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर नवऱ्याला सांगितलं.

"हिवाळ्यात? समुद्रात? अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सूट घेतलाय चांगला."

"आणि काही झालं तर?"

मी कॅमेऱ्यासमोर सुटाची टोपी धरली. तो म्हणाला, "आई हाक मारतेय, थांब," आणि फोन टेबलावर ठेवून गेला. मी बराच वेळ त्यांच्या स्वयंपाकघराचं छत बघत बसले.

जानेवारीत वारा पडलेला एक शनिवार मिळाला. किनाऱ्यावर जुनं बर्फ वाळूत मिसळून राखाडी झालं होतं. पार्किंगमध्ये चार-पाच गाड्या. मी पुण्याहून आणलेला जुना सुती गाऊन अंगावर घालून त्याच्या आत कपडे बदलले; हे माझं उन्हाळ्यापासूनचं तंत्र. पाण्यात शिरले तेव्हा फक्त चेहरा झोंबला. बाकी अंग कोरड्या खोलीत असल्यासारखं. लांबवर काळ्या सुटातली तीन-चार माणसं बोर्डवर बसली होती. एकाने मान हलवली, मीही हलवली. तिथे सगळेच एकेकटे बसलेले असतात, समोर क्षितिजाकडे बघत. मी दोन लाटांवर नीट उभी राहिले.

बाहेर आले तोवर त्या गाड्या गेल्या होत्या. हातमोजे काढले, तर बोटं लाकडासारखी. चेन कशीबशी दातांनी ओढली. गळ्याचं रबर डोक्यावरून काढलं. पण खांदे निघेनात. डावा हात मागे जाईना, आणि उजव्या हाताने ओढायला बोटांत जोर नव्हता. डावा खांदा अर्धा बाहेर, अर्धा आत असा अडकला आणि कळ डोक्यात गेली. तेवढ्यात गाडीत फोन वाजायला लागला. मी कोपराने स्क्रीन दाबली. नवरा होता.

"अगं, हे काय? हात असा काय धरलायस?"

मी सांगितलं. तो हसला. मग माझा चेहरा बघून थांबला.

"जवळपास कोणी नाही का?"

दूर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. त्याला हाक मारून "माझे कपडे काढायला मदत करा" म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

त्याने फोन चेहऱ्याजवळ घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी इथून काय करू, सांग." रागाने नाही, खरंच विचारलं त्याने. मला त्याची इतकी दया आली की माझं रडणं मागे राहिलं.

खांदा पुन्हा आत कोंबला, वरून गाऊन चढवला, हीटर पूर्ण लावला आणि बोटांत जरा जीव आल्यावर ओल्या सुटातच घरापर्यंत गाडी चालवली. घरी पुन्हा प्रयत्न केला. नाही. मग तशीच आमच्या रांगेतल्या दोन घरं पलीकडच्या काकूंकडे गेले.

काकू ऐंशीच्या पुढच्या. दोघं नवरा-बायको डॉक्टर, पन्नास वर्षांपूर्वी मुंबईहून आलेले. काका आदल्या वर्षी गेले. तेव्हा मी भेटून आले होते, नंतर दारावरून जाताना हात हलवण्यापलीकडे काही नाही. त्यांनी दार उघडलं आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं. काळे रबरी पाय, वर फुलाफुलांचा गाऊन.

"काय गं हे?"

"काकू, निघत नाहीये."

त्यांनी मला आत घेतलं, कपडे धुण्याच्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि गाऊन काढला.

"दुखरा हात कुठला?"

"डावा."

"मग तो का ओढतेस आधी? चांगला हात आधी सोडवायचा. काकांचा शर्ट शेवटी शेवटी मीच काढायची. पॅरालिसिसचा हात नेहमी नंतर."

त्यांनी उजव्या मनगटाच्या रबरात दोन बोटं घातली, बाही उलटी करत आणली आणि हात मोकळा केला. मग सगळा सूट पाठीवरून डावीकडे सरकवला आणि डावा हात जिथे होता तिथेच ठेवून त्यावरून बाही खाली उतरवली. अजिबात दुखलं नाही. त्यांची बोटं गरम होती. मी थरथरत होते. त्यांनी खांद्यांवर टॉवेल टाकला आणि एक क्षण दोन्ही हात तिथेच ठेवले.

नंतर त्यांच्या घरातले कपडे घालून मी आल्याचा चहा प्यायले.

"कशाला जातेस इतक्या थंडीत?" त्यांनी विचारलं.

"घरी शनिवार जात नाही, काकू."

"माझा मंगळवार जात नाही," त्या म्हणाल्या. "का, ते विचारू नकोस. मंगळवारी विशेष काही नसायचंच."

आम्ही खूप वेळ बसलो. निघताना त्यांनी सांगितलं की मुलाने घर विकायला काढायचं ठरवलंय, मार्चच्या आधी त्या डॅलसला जाणार. "तिथे सगळे असतील," त्या म्हणाल्या, आणि कप उचलून सिंकमध्ये नेले. दोन घरं पलीकडे इतकी वर्षं या बाई होत्या, आणि आम्हाला एकमेकींच्या वारांचा पत्ता त्या जायच्या वेळी लागला.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा दुकानात गेले. वापरलेला सूट दुकानात परत घेत नाहीत, तो अजून माझ्या गराजमध्ये लटकलाय.

"पाठीवरच्या चेनचा दाखव," मी म्हटलं. "बरोबर कोणी नसतं. मी एकटीच असते."

तिने मान डोलावली, मी माझं माप सांगितल्यासारखी, आणि आत जाऊन आखूड मापाचा सूट घेऊन आली. या वेळी काढूनही बघितला, दोनदा. काकूंनी दाखवलं तसं, चांगला हात आधी.

फेब्रुवारीच्या अखेरीस काकू डॅलसला गेल्या. मी त्यांना विमानतळावर सोडते म्हणत होते, पण मुलगा न्यायला आला होता. त्यांनी गाडीत बसल्यावर काच खाली केली आणि "हात गरम ठेवत जा" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या घरात आता एक जोडपं राहायला आलंय. मी अजून ओळख करून घेतलेली नाही. घ्यायला हवी.

त्यानंतरच्या शनिवारी समुद्रावर कोणीच नव्हतं. बारीक बर्फ पडत होतं आणि पाण्याला टेकलं की नाहीसं होत होतं. नवीन सुटात मानेतून थोडं पाणी शिरलं, पाठीशी जरा वेळ गार लागलं, मग गरम झालं. मी बोर्डवर बसून होते. अचानक जवळच पाण्यातून एक काळंभोर गुळगुळीत डोकं वर आलं. सील होता. मोठे ओले डोळे, मिशांवर थेंब. तो माझ्याकडे बघत राहिला.

"काय रे," मी म्हटलं, "तूही एकटाच का?"

त्या दिवशी सकाळपासून मी तोंडातून काढलेला तो पहिला शब्द. त्याने नाकपुड्या मिटल्या आणि आवाज न करता खाली गेला. तो पुन्हा वर येईल म्हणून मी इकडेतिकडे बघत राहिले. मागून लाट आली ती मला दिसलीच नाही.