पेपरवेटला केलेला नमस्कार

"घ्या, हासुद्धा दगडच आहे. याच्याही पाया पडा."

साहेबांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट माझ्या बापासमोर सरकवला. धुळ्याच्या त्या भूसंपादन ऑफिसातली चार माणसं हसली. आणि माझ्या बापाने, आमच्या गावच्या वाघदेवाच्या पुजाऱ्याने, खरोखर हात जोडले. पेपरवेटला. भीतीने. मग तर ते पोट धरून हसले. मी त्याच्या मागेच उभी होते. राग यायला हवा होता. आला नाही. भीतीच वाटली.

आम्ही भिल्ल. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरच्या वरच्या अंगाला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही तर ऑफिसचीही कधी चढलो नव्हतो.

डोंगरापलीकडे फौजेचं सरावाचं मैदान आहे. लाल झेंडा लागला की आम्ही जनावरं सोडत नाही. तोफ वाजली की फळीवरची भांडी थरथरतात आणि आई कानावर हात ठेवून चुलीपाशी बसून राहते. ते भय लहानपणीच माझ्या पोटात शिरलं. तरी फौजेबद्दल गावात कुणी वाकडं बोलत नाही. माझा चुलतभाऊच फौजेत आहे. सराव करावाच लागतो, हे त्यानेच आम्हाला समजावलं.

आता मैदान अलीकडे वाढणार होतं आणि वाघदेवाची राई त्यात जात होती. देव म्हणजे शेंदूर लावलेला उभा दगड. वर छप्पर नाही, आमचा देव उघड्यावरच राहतो. पावसाळ्यात त्याची पूजा झाल्याशिवाय गावात कुणी नव्या गवताला विळा लावत नाही. राईत तर कुऱ्हाड कधीच नेत नाहीत. म्हणून तिथला झरा चैत्रातही वाहतो. खालच्या गावांची गुरंसुद्धा तेच पाणी पितात.

मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी बापाला विचारलं होतं, "या पट्ट्यात तुमचं काही आहे का?"

बाप राईपासून वीस पावलांवर उभा होता. गप्प राहिला. घरी येऊन म्हणाला, "देवले बोट नई दखाडतस." आमच्यात परक्याला देवाचा ठिकाणा सांगत नाहीत. मोजणीवाल्यांना देऊळ दिसलं नाही. त्यांनी लिहिलं, काही नाही.

त्याच कागदासाठी आम्हाला बोलावलं होतं. बापाचा अंगठा, आणि मी शिकलेली म्हणून साक्षीदार माझी सही. मी भीतभीत म्हटलं, तिथे दगड आहे, तो आमचा देव आहे. त्यावर तो पेपरवेट पुढे आला.

"आरोग्य खात्याची आशाताई म्हणून काम करतेस ना गावात?" साहेब म्हणाले. "मग शहाण्यासारखं वाग."

धमकी कळली. बापाने शाईच्या डबीवर अंगठा टेकवला आणि कागदाकडे नेला. आताच त्या हातांनी काचेला नमस्कार केला होता. मी तो हात धरला. बाजूला केला.

"मी सही करणार नाही. बा पण अंगठा देणार नाही."

आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी "काय?" विचारलं. पुन्हा सांगावं लागलं. मग मी नकाशा ओढला, राईच्या जागी पेनाने गोल काढला आणि लिहिलं : इथे आमचा देव आहे, झरा आहे. हद्द एवढं सोडून आखावी. पूजेच्या दिवसांत गोळीबार बंद ठेवावा. खाली माझं नाव.

"सरकारी नकाशा खराब केलास," साहेब म्हणाले. "बघतो."

एसटीत बाप खिडकीकडे तोंड करून बसला. शिरपूर आलं तेव्हा एकच बोलला, "तू देवले कागदवर मांडं."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तो माझ्या हातचं पाणी घेत नाही.

दारात मोटारसायकल थांबली की माझं काळीज लटकन हलतं. कामावरून काढल्याचा कागद असेल, पोलीस असतील. नकाशावर लिहिलेल्या माझ्या हरकतीवर मंगळवारी सुनावणी आहे. शेजारचे नाना म्हणतात, "नको जाऊ पोरी, त्या मोठा लोक शेतस." बाप येणार नाही. मी एकटी जाणार आहे. भीती जाईल म्हणून थांबले तर म्हातारी होईन. देव कोपणार असेल तर माझ्यावर कोपो. राई त्यांना रिकामी म्हणून मिळणार नाही.