ब्रिस्बेनच्या आंब्याची राखण

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पण चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका. ठसका लागेल!

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं लेकीकडे ब्रिस्बेनला गेलो. पहिल्याच सकाळी खिडकीतून बघतो तर शेजारच्या परसात पोपट! आणि कसले पोपट! निळं डोकं, केशरी छाती, हिरवे पंख. शिमगा खेळून आल्यासारखे!

"अगं, बघ, बघ!" मी ओरडलो.

लेक डबा भरत म्हणाली, "बाबा, इथे ते आपल्या कावळ्यांसारखे. कोणी मान वर करून बघत नाही."

माझी मान मात्र खाली येईना! तेवढ्यात ते एका झाडावर उतरले आणि फळं टोचायला लागले. नीट बघतो तर काय, झाड आंब्याचं! तिथे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा ना!

आता सांगा, कोकणात पालीजवळ आंब्याची कलमं राखण्यात ज्याचा जन्म गेला, तो गप्प बसेल? शेजारच्या मार्गारेटबाई म्हाताऱ्या, एकट्या. त्या कुठे धावणार? मी कुंपणाशी गेलो आणि बागेतली ठेवणीतली आरोळी ठोकली, "हूऽऽर्र हाऽऽ!" थवा भुर्र! मी परत घरात, चहाला.

"अहो, लोकांच्या आंब्याची राखण तुम्हाला कोणी सांगितलीन?" आमची ही म्हणाली.

"शेजारधर्म गं!"

हा धर्म मी रोज पहाटे पाळला. आठवड्यात पोपट दिसेनासे झाले.

मग एके दिवशी लेक सांगत आली, "बाबा, मार्गारेटबाईंनी शनिवारी चहाला बोलावलंय. तुम्हाला पक्ष्यांचं वेड ना? त्यांचे पोपट हातावर बसून खातात. तो आंबा त्यांनी पोपटांसाठीच ठेवलाय."

हातावर पोपट! आनंदाने मी उडायचाच बाकी होतो. पुढचं मी ऐकलंच नाही. हिने ऐकलं.

"घ्या! ज्यांचा आंबा, त्यांनाच हाकललंत!"

शनिवारी मी तळहातावर सफरचंदाची फोड घेऊन पुतळ्यासारखा बसलो. हात भरून आला. पोपट नाही. बाईंचा चेहरा उतरला. "आठवडा झाला, एकही आला नाही हो," त्या म्हणाल्या. मला फोडीकडेसुद्धा बघवेना. देवा, एक तरी पाठव रे!

आणि आला! आंब्याच्या फांदीवर एकुलता एक. सगळ्यांनी श्वास रोखले. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि पिकल्या आंब्याला चोच लावलीन...

"हूऽऽर्र हाऽऽ!"

मी नाही हो ओरडलो! तोंड आपलं आपणच उघडलं!

पोपट गायब. हिने कपाळावर हात मारून घेतला. बाई मात्र ताडकन उठल्या आणि दुर्बीण घेऊन आल्या.

"हाच! हाच आवाज! रोज पहाटे ऐकते, पुस्तकं पालथी घातली, पण हा पक्षी कोणता ते कळेना!"

आणि त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावून माझ्यावर रोखली.