गावठी किंग हाजिर हो

"दौलतराव, पुकारा द्या," साहेब म्हणाले.

मी व्हरांड्यात आलो. दार मागून लावून घेतलं, मास्क खाली केला, छाती फुगवली अन् देल्ला ठेवून. "अरुणा भीमराव खंदारे, हाजिर हो."

व्हरांड्यात माणूस नोता. बाकड्यावर एक बकरी बसून होती. तिनं मान वर करून माह्याकडे पाह्यलं अन् परत रवंथ करत बसली.

मी आत येऊन सांगतलं, "सर, कोणी नाही."

मी कोर्टात शिपाई हाय. जिल्हा यवतमाळ, तालुका सांगत नाही, नोकरी अजून बाकी हाय. शिक्षण चौथी. चौथी मले इतकी आवडली का मी ती तीनदा शिकलो. नोकरी लागली ती आवाजावर, असं मीच लोकायले सांगतो.

पुकारा म्हणजे काय, तं कोर्टात केस निघाली का ज्याची केस त्याचं नाव शिपायानं दारात उभं राहून वरडायचं. माणूस टपरीवर चहा पीत असो का लिंबाखाली झोपला असो, त्याले ऐकू गेलं पाह्यजे. असं तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्याले बी नाही आला, तं साहेब लिहितात गैरहजर, अन् अर्ज खारीज. म्हणजे मेला तो अर्ज. मी पुकारा देल्ला का बस स्टँडवर दिग्रसच्या गाडीचा कंडक्टर डबल घंटी मारते, असं आमचे वकील लोक म्हणायचे. ते माही उडवून राह्यले हे मले समजाले लय वर्षं लागली.

मंग कोरोना आला अन् आवाजाचा भाव उतरला. वरडलं का थुंकी उडते, म्हणून कोणी जवळ येऊ देईना. मास्क घालून पुकारा देल्ला तं पोत्यातून मांजर बोलल्यावाणी वाटे.

कोर्टाचं सारंच बदललं. स्टाफ अर्धा. गेट बंद. फक्त अर्जंट कामं चालायची. नवीन कागद आत घ्यायचे नाही, गेटवरच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे अन् रातभर तिथंच राहू द्यायचे. म्हणजे कागदावरचा कोरोना मरते. मले वाटलं, रातभर कायले थांबायचं. कोणी तरी सांगतलं होतं का तो गरमीनं मरते. मी घरून इस्त्री आणली. पह्यलाच कागद लागला एका मोठ्या वकिलाचा वकालतनामा. कोरोना मेला का नाही ते माहीत नाही, पण कागदाच्या मधोमध इस्त्रीचा तिकोन जळून गेला. आमच्या बेंच क्लार्क देव मॅडम, म्हणजे साहेबाच्या पुढे बसून केसेस ठेवतात त्या, त्यांनी तो कागद उजेडात धरला.

"दौलतराव, यातून मला तुम्ही दिसताय."

"मॅडम, आता हा कागद शंभर टक्के निगेटिव्ह हाय."

"घरी न्या ती इस्त्री."

मी नेली. मंग सुरू झाली व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरचं कोर्ट. साहेब आपल्या खुर्चीत, मॅडमपुढे लॅपटॉप, अन् वकील आपापल्या घरी मोबाइलमधी. वरून काळा कोट, पांढरा बँड. खालून काय, ते एक वकील साहेब चार्जर आणाले उठले तवा दिसलं. ते मी सांगत नाही.

आता ह्या अरुणाबाईचं सांगतो. बाई मालवाहू ऑटो चालवते. नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाले होता, कारखाना बंद पडला, तो घरी बसला. चूल पेटायची ती ऑटोवर. खेड्यापाड्यातला भाजीपाला उचलायचा अन् बाभुळगावले नेऊन टाकायचा. लॉकडाऊनमधी ती टरबुजं घेऊन निघाली अन् नाक्यावर पोलिसानं पास पाह्यला. पास आदल्या दिवशीच सरला होता. ऑटो जप्त, टरबुजासगट. टरबुजं उन्हानं तिथंच फुटली, बिया ऑटोतल्या मातीत पडल्या, अन् महिनाभरानं बाई ऑटो पाहाले गेली तं मागच्या डाल्यात, माल ठेवतात तिथं, वेल निघाला होता.

जप्त केलेली गाडी केस संपेपर्यंत मालकाच्या हवाली करता येते. त्याले सुपुर्तनामा म्हणतात. गाडी तुमची, फक्त विकायची नाही, रंग बदलायचा नाही, अन् कोर्टानं बोलावलं का हजर करायची. त्याचा अर्ज बाईनं टाकला होता. पण तिच्या वकिलालेच कोरोना निघाला, ते दवाखान्यात. म्हणून तिले स्वतः हजर व्हायचं होतं.

तारखेच्या आधी ती गेटवर आली. मी अलीकडे, ती पलीकडे.

"भाऊ, मले आत येऊ द्या ना. एका कोपऱ्यात उभी राहीन."

"वहिनी, कोपरे बी बंद हाय."

"मंग साहेबाले कसं कळन का मी आली म्हणून?"

"मोबाइलवर. गावात कोणापाशी मोठा मोबाइल हाय?"

"विनोद किराणावाल्यापाशी हाय. पण मले त्यातलं काही समजत नाही बाप्पा."

मले तरी कुठं समजत होतं. पण खाकी कपडे घातले का माणसाले सारं समजते, असं समोरच्याले वाटते. आपल्याले बी वाटाले लागते.

"समजायचं काय त्यात," मी म्हणलं. "मॅडम लिंक पाठवतात. विनोदले म्हणा लावून दे. मोबाइल समोर ठेवायचा अन् मुकाट बसायचं. एक ध्यानात ठेवा, साहेबासमोर आपल्या मनानं तोंड उघडायचं नाही. लय कडक हाय साहेब. पुकारा झाला का मंगच 'हाजिर' म्हणायचं."

"पुकारा तिथं गावात ऐकू येईन का?"

"वहिनी," मी म्हणलं, "माहा पुकारा हाय."

बाई भरोसा ठेवून गेली.

अन् आता तारखेच्या दिवशी मी व्हरांड्यात बकरीले पुकारा देऊन राह्यलो होतो. गेटपर्यंत जाऊन बी पाह्यलं. रस्ता खाली. मले काही सुचेना. स्टाफमधी एक पेशंट निघाला होता म्हणून सोमवारपासून कोर्ट पुरंच बंद व्हायचं होतं. आज अर्ज खारीज झाला तं बाईनं नवा अर्ज कराव, तो पेटीत पडाव, कोर्ट कवा उघडते त्याची वाट पाहाव. अन् पाऊस तोंडावर. ऑटो ठाण्यात उघड्यावर उभा. एका पावसाळ्यात त्याचं भंगार झालं असतं.

साहेबानं दुसरा पुकारा सांगतला. मी परत बाहेर गेलो, परत दार लावलं, कारण आतला आवाज बाहेर अन् बाहेरचा आत नाही गेला पाह्यजे, असा नियम होता. यावेळी असा वरडलो का बकरी उठून गेली.

"कोणी नाही, सर. थोडं थांबता का? बस लेट असन."

साहेबानं चष्म्यावरून पाह्यलं. "त्या व्हीसीवर येणार होत्या ना?"

"हो सर."

"मग बस कशाला लागेल?"

मॅडम हळूच हसल्या. सरकारी वकील लॅपटॉपमधी होते, ते बी हसले, पण त्यांचा आवाज बंद होता म्हणून नुसते दात दिसले.

साहेब कठोर नोते. त्यांनी घड्याळ पाह्यलं, दुसऱ्या एका केसचं काम केलं, मंग पेन उचलला. "दौलतराव, तिसरा द्या. नसतील तर खारीज करावं लागेल."

मी दार उघडलं. एक पाय बाहेर, एक आत. छाती भरून घेतली. डोक्यात नाव तयार होतं. तितक्यात मागून देव मॅडम साहेबाले म्हणाल्या, "सर, हे गावठी किंग नावाचं कोणीतरी सकाळपासून जॉइन आहे. कॅमेऱ्यात नुसत्या शाम्पूच्या पुड्या दिसतात. कोणी बोलत नाही. काढून टाकू का?"

मी मॅडमकडे तोंड वळवलं. तोंड उघडंच होतं.

पुकारा देणाऱ्याचं एक असते. क्लार्कनं नाव घेतलं का ते कानातून शिरते अन् तोंडातून निघते, मधात डोकं लागत नाही. माही इतकी वर्षं अशीच गेली.

"गावठी किंग, हाजिर हो."

दार उघडं, तोंड लॅपटॉपकडे, मास्क हनवटीवर. मॅडमच्या कानात ती काडी होती आवाजाची, ती त्यांनी वायरीसगट उपटून फेकली. सरकारी वकिलाच्या हातचा चहा त्यांच्याच कागदावर पडला, तो साऱ्या कोर्टानं पाह्यला. साहेबाचा पेन तसाच हवेत.

अन् लॅपटॉपमधून आवाज आला.

"नाही साहेब, मी काही नाही केलं."

शाम्पूच्या पुड्या हलल्या. मंग पडद्यावर एक मोठा चेहरा आला, इतक्या जवळ का नुसतं नाक.

"आपण कोण?" साहेब.

"विनोद, साहेब. किराणा दुकान हाय. ते गावठी किंग पोट्ट्यायनं मजाकमधी टाकलं मोबाइलमधी, मले काढता नाही येत. मी दुकान टायमातच बंद करतो, साहेब. तंबाखूचा खर्रा फक्त मागच्या दारानं विकतो, तो बी वळखीच्यालेच."

सरकारी वकिलानं चहा पुसता पुसता मान वर केली अन् आपला आवाज सुरू केला. "सर, हे रेकॉर्डवर घ्यायचं का?"

"नको," साहेब म्हणाले. "विनोदराव, तुमच्यावर इथे काहीही केस नाही."

"मंग माहं नाव काहून पुकारलं?"

साहेबानं माह्याकडे पाह्यलं. मी बाकड्याकडे पाह्यलं. बकरी नोती.

"तुम्ही न्यायालयाच्या व्हीसीत कशाला बसलात?" साहेबानं इचारलं.

"मी कायले बसतो साहेब, मी तं मोबाइल देल्ला. या अरुणाबाईले. हे पाहा, साखरेच्या पोत्यावर बसली सकाळपासून. मी बोल म्हणलं तं मलेच चूप करते."

मोबाइल फिरला. पदर सावरून, हात जोडून अरुणाबाई बसली होती. तोंड गच्च मिटलेलं.

"तुम्ही अरुणा भीमराव खंदारे?"

बाईनं मान हलवली.

"बोला ना."

बाईनं विनोदकडे पाह्यलं, मंग मोबाइलकडे. मले समजलं. मी दारातूनच, पण अगदी बारीक आवाजात म्हणलं, "अरुणा भीमराव खंदारे, हाजिर हो."

"हाजिर हाय साहेब," बाई म्हणाली. "सकाळपासून हाजिर हाय."

"मग बोलला का नाहीत इतका वेळ?"

"शिपाई भाऊनं सांगतलं होतं, पुकारा झाल्याशिवाय तोंड उघडाचं नाही."

"पुकारा तर दोनदा झाला."

"इकडे नाही आला साहेब. मी कान लावून होती. ह्या विनोदचं फ्रिज बी बंद कराले लावलं."

साहेबानं चष्मा काढला. "दौलतराव, तुम्ही पुकारा कुठे दिला?"

"व्हरांड्यात, सर."

"पक्षकार कुठे आहेत?"

"मोबाइलमधी, सर."

"मग?"

आता 'मग' याचं उत्तर चौथीत शिकवत नाहीत. मी म्हणलं, "सर, पुकारा व्हरांड्यातच देतात."

देव मॅडमनं मास्क डोळ्यापर्यंत वर ओढला होता अन् त्यांचे खांदे हलून राह्यले होते.

पुढचं काम सांडलेला चहा वाळण्याआधी उरकलं. ऑटो कोणाचा, कागद कोणाचे, पोलिसांची काही हरकत हाय का. सरकारी वकील म्हणाले, हरकत नाही. साहेबानं अर्ज मंजूर केला. बाई हात जोडूनच होती. "साहेब, त्यात वेल उगवला हाय," ती म्हणाली. "तो उपटावा लागन का? का तो बी जप्तीतला?"

साहेबानं थोडा इचार केला. "वेल तुमचाच," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या कोर्टात पुकाऱ्याचा नियम बदलला. पह्यले लॅपटॉपसमोर, साध्या आवाजात, मंग व्हरांड्यात. साध्या आवाजात पुकारा मले जमत नोता. मी बोललो का मॅडम नुसता हात खाली-खाली करायच्या, बँडवाल्याले करतात तसा. अन् मोबाइलवर ज्याचं त्याचं खरं नाव टाकाव, अशी पाटी गेटवर लागली. ती चिपकवाले बी मीच गेलतो. उलटी चिपकवली. मले वाटलं इंग्रजीत हाय.

सोमवारी कोर्ट बंद झालं, पण गेटवर माही ड्युटी होती. दुपारी रस्त्यानं मालवाहू ऑटो आला. बाजूनं टरबुजाचा वेल लोंबत होता, शेंड्याले लिंबाएवढं एक फळ. गेटासमोर येऊन हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. मंग खिडकीतून अरुणाबाईनं डोकं बाहेर काढलं अन् अख्ख्या रस्त्याले ऐकू जाईन असा पुकारा देल्ला.

"गावठी किंग, हाजिर हो."

मी हाजिर झालो. आवाज तिचा माह्यापेक्षा चांगला हाय, हे मान्य करावं लागते. आता कोर्टातले वकील बी मले त्याच नावानं बोलावतात. मूळ नाव दौलत हाय हे नवीन स्टाफले माहीतच नाही.

या भानगडीतून शिकलो ते इतकंच, वरडाच्या आधी माणूस कोणीकडे बसला हाय ते पाहून घ्याव. अन् कोणाले तोंड बंद ठेव म्हणून सांगतलं असन, तं ते उघड म्हणाले बी आपणच जाव, तिथं दुसरा कोणी जात नाही.