लाभापासून मोजलेले श्वास

मुरबाडच्या बाजारपेठेत एका डॉक्टर जोडप्याचं दहा-बारा खाटांचं हॉस्पिटल होतं. तिथे मी चौदा वर्षं सिस्टर होते. मॅडम बाळंतपणं करायच्या, सर भूलतज्ज्ञ. बाकी सगळं मी बघायचे, म्हणजे असं मला वाटायचं. मी शहापूरकडची, चार भावांत वाढलेली मुलगी. आवाज मोठा आणि हात पक्का. पहिल्या टोचणीत शीर सापडली नाही असं माझ्याकडून क्वचितच व्हायचं, आणि झालंच तर दोष त्या शिरेचा असायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी पावसाळ्याआधी सरांनी मला ठाण्याला एका दिवसाच्या शिबिराला धाडलं. विषय सर्पदंश. आमच्याकडे साप चावला की जखमेच्या वर दोरी करकचून आवळायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शिबिरातल्या डॉक्टरांनी पडद्यावर काळे पडलेले हातपाय दाखवले आणि सांगितलं की हे बांधणं आता बंद करा. रक्त अडतं, हात जातो, आणि विष काही कायमचं थांबत नाही. मला ते एकदम पटलं. पुढे ते आणखी काहीतरी सांगत होते, पण साडेचार वाजले होते. कल्याणहून मुरबाडची एसटी चुकली असती तर माझी पंचाईत झाली असती. सर्टिफिकेट तर जेवणाच्या सुट्टीतच हातात पडलं होतं. मी पिशवी उचलली आणि सटकले.

परत आल्यावर मी जे ज्ञान पाजळायला सुरुवात केली, काही विचारू नका! धसईकडच्या बायका औषधाला आल्या की धरून बसवायचे आणि ऐकवायचे, "बांधायचं नाही गो. हात हलवायचा नाही, भगताकडे जायचं नाही, गाडी पकडायची नि सरळ इकडे यायचं." बायका माना डोलवायच्या. घरी जाऊन काय करायच्या ते देव जाणे.

मग भातकापणी आली. एका दुपारी, बाराच्या सुमारास, दारात जीप थांबली. नवरा आणि सासरा मिळून एका बाईला उतरवत होते. असेल पंचवीस-सव्वीसची. धसईच्या पलीकडे, गावाच्या कडेला असलेल्या एका वाडीतली ही माणसं. स्वतःची जमीन नाही. भाताच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करायची आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं. कापलेल्या भाताची मूठ उचलताना तिच्या बोटाला साप डसला होता. सासऱ्याने तो डोळ्यांनी पाहिला होता, नाग होता. बाई चांगली शुद्धीत होती, बोलत होती. रडत होती ती मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिच्या दंडाला आणि कोपराखाली, भारे बांधायच्या काथ्याने दोन ठिकाणी आवळलेलं होतं. हात जांभळा पडून टम्म फुगला होता.

"सिस्टर, हात फुटंल माझा," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "कोणी बांधलं हे?"

"मी," म्हातारा म्हणाला. "इख चढू नये म्हनून."

"हात कुजवायचाय का सुनेचा? किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना!"

सर आत होते. मॅडम एक सिझर करत होत्या आणि सर तिथे भूल द्यायला उभे. बाईला सलाईन लागलेलं नव्हतं. सापाच्या विषावरचं औषध अजून कपाटात होतं. आणि मी काय केलं? ट्रेमधली कात्री घेतली आणि दोन्ही दोऱ्या कचाकच कापून टाकल्या. बाईने सुस्कारा टाकला. "बरं वाटलं गो बाय," म्हणाली. मी म्हाताऱ्याकडे असं पाहिलं की बघ, असं करतात.

पाच-सात मिनिटं गेली असतील. मी सलाईनची बाटली टांगत होते. बाई म्हणाली, "पापन्या उचलत नाय." बोलताना जीभ जड झाली होती. मी मागे वळले तोवर तोंडातून लाळ गळायला लागली, मान एका बाजूला गेली आणि छाती नुसती थरथरली. श्वास नीट आत जाईना. मी ओरडले, अख्ख्या बाजारपेठेला ऐकू गेलं असेल.

सर धावत आले. आधी त्यांनी बाईकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या दोऱ्यांकडे.

"हे कोणी सोडलं?"

"मी."

"औषध सुरू करायच्या आधी?"

मी मान डोलावली. 

"अहो, हातात तुंबलेलं सगळं विष एकदम अंगात सुटलं. बॅग आणा."

त्यांनी श्वासनळीत नळी घातली आणि तिला ती बॅग, म्हणजे रबरी फुगा, जोडला. हा फुगा हाताने दाबला की हवा छातीत जाते, सोडला की बाहेर येते. औषधाच्या बाटल्या ठिबकायला लागल्या, लुळ्या पडलेल्या स्नायूंना ताकद येईल अशी इंजेक्शनं दिली. श्वास देणारं मशीन आमच्याकडे नव्हतं. मशीन असलेलं हॉस्पिटल म्हणजे निदान कल्याण गाठायला हवं. वाटेतल्या खड्ड्यांत नळी निसटली तर संपलंच. आत ऑपरेशनच्या टेबलावर दुसरी बाई तशीच होती.

"इथेच ठेवू," सर म्हणाले. "हातानेच. किती तास लागतील सांगता येत नाही. फुगा एक मिनिटही थांबता कामा नये." आणि ते परत आत गेले.

मी दाबत राहिले. पण मला सलाईन बघायचं होतं, रक्तदाब घ्यायचा होता, इंजेक्शनं भरायची होती. मी नवऱ्याला हाताशी घेतलं. त्याने घाबरून असा काही फुगा हाणला, जणू सायकलच्या चाकात हवा भरतोय. आधीची हवा बाहेर यायच्या आत पुढची आत.

"हळू रे! फोडशील तिला."

"गेली ती, सिस्टर. डोळं बघा तिचं. कशाला उगाच तरास देता?"

मी त्याचं बोट धरलं आणि तिच्या मनगटावर दाबून ठेवलं. "हे काय लागतंय?"

"उडतंय."

"मेलेल्या माणसाची नाडी उडते काय रे?"

तो ढसाढसा रडायला लागला आणि पुन्हा भराभरा दाबायला लागला. शेवटी मी त्याला बाजूला केलं.

"मी दाबू?" म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला.

खरं सांगते, मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी खाली मान घालून त्याला दाखवलं, असं दाबायचं, सोडायचं, छाती खाली बसू द्यायची, मग परत. तो नुसता बघत राहिला, दहा-बारा वेळा. मग स्टुलावर बसला, फुगा हातात घेतला आणि हलक्या आवाजात, ओढून ओढून म्हणायला लागला, "लाऽभ... लाऽभ... दोऽन... दोऽन..."

खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. माप भरायचं, हाताने सपाट करायचं, ओतायचं, आणि पुढचं भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचा म्हणजे चुकत नाही. हा म्हातारा शेतमालकांच्या खळ्यावर माप घालायचा. हात सच्चा म्हणून लोक त्यालाच बोलवायचे. मी घड्याळ लावून पाहिलं. एका आकड्याला एक दाब, आणि मिनिटाला मोजून तेरा-चौदा. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम! वीस झाले की मापाच्या रिवाजाप्रमाणे एक दाणा बाजूला टाकायचा असतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांची बुचं त्याच्यापुढे ठेवली. वीस दाब, एक बूच. पुन्हा लाभ.

हात भरून आले की मी बसायचे, तासाभराने परत तो. मीही लाभच म्हणायचे. दुसरं काही म्हटलं की माझी लय चुकायची.

तीनच्या सुमारास नवरा वाडीवर निरोप धाडायला टेलिफोन बूथवर गेला. म्हाताऱ्याची नजर सुनेच्या छातीवर खिळलेली होती. मी तिचे डोळे पुसायला वाकले, आणि वाकले ती तशीच राहिले. दोऱ्या कापल्यापासून छातीवर धोंडा होता. म्हाताऱ्याला सांगायची हिंमत नव्हती. मग जिला ऐकू येत नाही तिच्या कानात मी सांगितलं, अगदी हळू, "बाई, गाठ बांधली त्यांनी, पण तुझा श्वास थांबवला मी. औषधाच्या आधी सोडली. चूक माझी आहे. मरू नको गो." म्हाताऱ्याचं "अकराऽ... अकराऽ..." चालूच होतं.

सहा वाजायला आले तेव्हा तिची भुवई हलली. मला वाटलं भास झाला. मग करंगळी हलली. सर आले, आणखी एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "बोट दाब माझं." तिने दाबलं! मी सरांच्या देखत नाचायची बाकी राहिले होते. दिवेलागणीनंतर ती थोडाथोडा स्वतःचा श्वास घ्यायला लागली. म्हाताऱ्याचा घसा पार बसला होता, पुढ्यात बुचांचा ढीग झाला होता. तो फुगा सोडायला तयार होईना. मीच बोटं एकेक करून सोडवली.

सकाळी सरांनी नळी काढली. मग मला बाहेर बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीने गेले.

"आधीच बांधून आलेला पेशंट असेल तर घाई नाही करायची," ते म्हणाले. "सलाईन चालू, औषध चालू, बॅग उशाशी, आणि मग मी समोर असताना हळूहळू सैल करायचं. शिबिरात सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं असणार. साडेचारनंतर.

"आणि काल तिच्यासमोर कोणी काही वेडंवाकडं बोललं नाही ना? नागाच्या विषाने अंग लुळं पडतं, शुद्ध जात नाही. ती सगळं ऐकत होती."

म्हणजे मी कानात सांगितलेलंही. 

खोलीत गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, चमच्याने पेज घेत होती. मला बघून म्हातारा उठला आणि आमच्या सगळ्यांदेखत माझ्या पायाशी वाकला. "माजी चूक झाली, बाय," तो फाटक्या आवाजात म्हणाला. "तुमी सांगत व्हता बांधू नका, आमी आयकलं नाय. मी बांधलं म्हनून पोरीचा जीव जात व्हता. तुमी वाचवला."

मी त्याला उठवलं.  उघडच सांगते, क्षणभर मनात आलं की राहू दे. बाई जगली, मला चार लोक नमस्कार करताहेत, कशाला आता.

तिने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. नळीने घसा सोलवटला होता, आवाज खरखरीत निघाला.

"सिस्टर, मला सांगितलंत ते त्यांना पन सांगा."

मी म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं, स्वतः त्याच्यासमोर फरशीवर बसले, आणि कात्रीपासून सगळं सांगितलं.