साडूचा शब्द

कल्याणच्या बंदरावर महिपत तांडेल विश्रामशेटचा मचवा हाकत असे. भात भरून ठाण्याला न्यायचं, येताना मीठ आणायचं. पण आगगाडी येऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती, माल हळूहळू तिकडे वळला होता. मचवाही म्हातारा झालेला. फेरीभर एक खलाशी पाणी उपसतच बसायचा. नवा बांधायचं मात्र शेट नाव काढत नव्हता.

अशात ठाण्याच्या हरिहरशेटचा निरोप आला. कौलं वाहायला त्याने वर्षभरापूर्वीच नवा मचवा बांधला होता आणि त्याला जाणता तांडेल हवा होता. मजुरी दीडपट, खलाशी तांडेलाच्या पसंतीचे.

महिपत हुरळून जाणारा नव्हता. ओहोटीला मचवा चिखलात बसलेला असताना तो ठाण्याला गेला. फळ्या ठोकून पाहिल्या, सांधे चाचपले, शीड उलगडायला लावलं. कुठे खोट नव्हती. राहिला मालक. त्याची माहिती द्यायला घरचाच माणूस होता. महिपतची बायको गोदूबाई हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा गुणाजी गेले आठ महिने त्याच मचव्यावर तांडेल होता.

"एवढं चांगलं आहे तर तू का सोडतोस?" महिपतने विचारलं.

"छातीत कळ येते रे. आता किनाऱ्यावरच काहीतरी बघेन."

"आणि शेट कसा?"

"तोंडाचा फटकळ आहे. पण मचव्यात पाय ठेवत नाही. पाण्यावर तुझंच राज्य."

घरी गोदूबाई म्हणाली, "खलाशांनाही विचारा की."

"तुझ्या बहिणीचा नवरा तो. आपल्याशी खोटं कशाला बोलेल?"

काम सोडतोय हे महिपत विश्रामशेटला सांगायला गेला. शेट म्हणाला, "जायच्या आधी एकदा मला विचारायचं होतंस, महिपत." तो मान खाली घालून निघाला.

पहिल्याच फेरीत मुंबईहून कौलं भरून मचवा ठाण्याला लागला, तर धक्क्यावर हरिहरशेट उभा. कल्याणला गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणत तो मचव्यात चढला. ठाण्यात पडलेली आणखी कौलंही वर चढवायला लावली.

"शेट, मचवा ओझ्यानं पाण्यात फार बसलाय. त्यात ओहोटी लागलीय. भरती येऊ द्या, मग निघू."

"मचवा माझा की तुझा?" म्हणत शेटने सगळ्या खलाशांसमोर महिपतच्या कानाखाली वाजवली.

महिपतने सुकाणू धरलं. मुंब्र्याच्या वळणावर मचवा गाळात रुतला, एका अंगाला कलला आणि वरची कौलं घसरून फुटली. शेटच्या तोंडी एकच नाव होतं, तांडेलाचं.

भरतीची वाट बघत बसले असताना गुणाजीच्या वेळेपासूनचा म्हातारा खलाशी तानाजी जवळ सरकला. "गुणाजीनेही इथंच मार खाल्लेला," तो हळूच म्हणाला. "त्याच्या अंगावर शेटची उचल होती. शेटने बजावलेलं, बदली तांडेल आणून दे, तरच सोडीन."

महिपतला ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या बंदराला लागेपर्यंत तो मनात गुणाजीची बाजू घेत राहिला. बंदरात विश्रामशेटचा मचवा भात भरत होता आणि त्याच्या सुकाणूवर गुणाजी बसला होता.

महिपत काठावर जाऊन उभा राहिला. "छाती बरी झाली?"

गुणाजी उठला, पण खाली उतरला नाही. "मी काय करणार होतो? तू गेला नसतास, तर तिथंच मेलो असतो."

"मग तसं सांगायचंस. मी तुला असा सोडला असता?"

गुणाजीने खलाशांकडे पाहिलं. ते कामात असल्यासारखे पोती सरळ करत होते.

हरिहरशेटचा मचवा महिपतने त्याच दिवशी सोडला. विश्रामशेटकडे मात्र तो परत गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार? पुढची सगळी वर्षं खाडीच्या तरीवर माणसं पैलतीराला सोडण्यात गेली. गोदूबाई बहिणीकडे जायची, तिला त्याने कधी अडवलं नाही. एकदा गुणाजीच तरीपाशी आला. महिपतने त्याला बसवलं, पलीकडे उतरवलं आणि उतारूचे पैसे मागितले, कुठल्याही परक्याकडे मागावेत तसे.